जिंकूनही घरी

शाळेच्या बास्केटबॉल संघात माझ्यासोबत खेळलेल्यांसाठी ही गोष्ट. साउथईस्टर्न कॉन्फरन्स हा अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या विद्यापीठांचा गट. त्या काळी गटात पहिला येणारा संघ राष्ट्रीय स्पर्धेला जायचा. मिसिसिपी स्टेटने १९५९, १९६१ आणि १९६२ मध्ये विजेतेपद मिळवलं (१९६२ चं केंटकीबरोबर विभागून), तरी संघ तिन्ही वेळा घरीच बसला. कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या संघाशी खेळायचं नाही, असा त्या राज्यातला दंडक होता. तो कुठे लिहिलेला नव्हता. असेच नियम मोडायला जास्त अवघड. १९५९ चा बेली हॉवेल तर शेवटच्या वर्षाला होता. त्याला ती स्पर्धा कधीच खेळता आली नाही.

१९६३ ला संघ पुन्हा पहिला आला. या वेळी विद्यापीठाचे अध्यक्ष डीन कॉल्व्हर्ड यांनी संघ पाठवायचं ठरवलं. गव्हर्नर रॉस बार्नेट यांचा विरोध होता, कोर्टातून मनाई हुकूमही निघाला. तो हातात पडायच्या आत प्रशिक्षक बेब मॅकार्थी राज्याबाहेर पोचले, खेळाडू मागून विमानाने गेले.

१५ मार्चला मिशिगनमधल्या ईस्ट लान्सिंगला लोयोला शिकागोशी गाठ पडली. लोयोलाच्या पहिल्या पाचांत चौघे कृष्णवर्णीय. जेरी हार्कनेस आणि जो डॅन गोल्ड या कर्णधारांनी हात मिळवले तेव्हा कॅमेऱ्यांचे फ्लॅश उडाले. लोयोला ६१-५१ असा जिंकला आणि पुढे राष्ट्रीय विजेताही ठरला.

या गटाच्या बास्केटबॉलमध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, व्हँडरबिल्टचा पेरी वॉलेस, मुख्य संघातून उतरायला मात्र १९६७ उजाडलं.