जुना आयपॉड निवडताना, सुधारताना

अनेक घरांत कपाटाच्या एखाद्या खणात केबल हरवलेला, पाठीवर ओरखडे उमटलेला आयपॉड पडून असतो. मोबाइलवरच गाणी ऐकण्याची सवय झाल्यावर त्याची आठवण राहत नाही. मात्र कॅसेटवरून उतरवून घेतलेली घरगुती मैफल, दुकानांतून केव्हाच नाहीशी झालेली सीडी, आजोबांनी म्हटलेली स्तोत्रे असा ऐवज कित्येकदा त्या डबीतच राहिलेला असतो आणि त्याची दुसरी प्रत कोठेही नसते. ज्या संगणकावरून तो भरला, तो संगणक तर कधीच भंगारात गेलेला असतो. अशा वेळी जुन्या आयपॉडची डागडुजी ही निव्वळ हौस राहत नाही.

अॅपल कंपनीने पहिला आयपॉड २३ ऑक्टोबर २००१ रोजी जाहीर केला. त्यात तोशिबाची १.८ इंची, ५ जीबी क्षमतेची हार्ड डिस्क होती. सुरुवातीच्या पिढ्यांमधील मुख्य चिप पोर्टलप्लेअर या कंपनीची असे आणि या कंपनीचे एक विकास केंद्र हैदराबादेत होते, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. हार्ड डिस्कवाला शेवटचा ‘आयपॉड क्लासिक’ सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झाला, तर मे २०२२ मध्ये ‘आयपॉड टच’चीही विक्री थांबविण्याचे जाहीर झाले. त्यामुळे आज हार्ड डिस्कवाला आयपॉड घ्यायचा म्हणजे जवळजवळ नेहमीच वापरलेला घ्यायचा.

कोणता घ्यावा, या प्रश्नाचे उत्तर मुख्यत्वे पिढीवर अवलंबून आहे. पहिल्या तीन पिढ्या संग्राहकांसाठी सोडून द्याव्यात. त्या चार्ज करण्यासाठी फायरवायर केबल लागते आणि ती सोय आजच्या संगणकांवर नसते. सुधारणेच्या दृष्टीने सर्वांत सोयीची ती पाचवी पिढी. ऑक्टोबर २००५ मध्ये चित्रफिती दाखविणारा हा आयपॉड ३० आणि ६० जीबी क्षमतेत आला. सप्टेंबर २००६ मध्ये त्याचीच सुधारित आवृत्ती ३० आणि ८० जीबीमध्ये आली. जाणकार तिला ‘साडेपाचवी पिढी’ म्हणतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. संगीताच्या मेन्यूत ‘सर्च’ हा पर्याय दिसला, की तो साडेपाचवा. त्यातही ८० जीबीच्या यंत्रात ६४ एमबी रॅम आहे, तर ३० जीबीच्या यंत्रात ३२ एमबीच. मूळ प्रणाली गाण्यांची सारी सूची रॅममध्ये घेत असल्याने संग्रह अतिशय मोठा असेल, तर कमी रॅमचे यंत्र अडखळू लागते.

सप्टेंबर २००७ पासूनच्या ‘क्लासिक’ची पुढची बाजू धातूची आहे. तो दिसायला देखणा, हातात भक्कम; पण उघडायला महाकठीण. शिवाय २००७ आणि २००८ सालच्या क्लासिकमध्ये मूळ प्रणालीला १२८ जीबीच्या पलीकडील जागा वापरता येत नाही. २००९ मध्ये आलेल्या १६० जीबीच्या पातळ क्लासिकला ही मर्यादा नाही. गफलत होते ती येथेच, कारण २००७ मध्येही १६० जीबीचा एक क्लासिक आला होता. तो साडेतेरा मिलिमीटर जाड आहे, तर २००९ चा साडेदहा मिलिमीटर. पाठीवरचा आकडा न पाहता जाडी मोजून घ्यावी.

पाचव्या पिढीतील वुल्फसनची ध्वनी-चिप आणि क्लासिकमधील सिरस लॉजिकची चिप यांपैकी कोणती सरस, यावर रसिकांत बरीच हमरीतुमरी चालते. फरक असेलच, तर तो हेडफोन बदलल्याने पडणाऱ्या फरकापेक्षा खचितच लहान आहे. त्यापायी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

यंत्र उघडण्याआधीचे काम अधिक महत्त्वाचे. घरातला जुना आयपॉड नव्या संगणकाला जोडला, की त्यातील सर्व गाणी पुसून नव्याने भरायची का, असा प्रश्न विचारला जाण्याची शक्यता असते. तेथे घाईघाईने होकार दिला, तर सारे संपले. नकार देऊन आयपॉड साध्या डिस्कप्रमाणे उघडावा. तो नीट सुरूच होत नसेल, तर मेन्यू आणि मधले बटण एकत्र दाबून धरावे आणि अॅपलचे चिन्ह दिसताच मधले बटण व खालचे प्ले बटण दाबून धरावे. यंत्र ‘डिस्क मोड’मध्ये जाते. त्यापूर्वी ‘होल्ड’ची कळ सरकलेली नाही ना, हे पाहावे. बिघडला म्हणून बाजूला टाकलेले काही आयपॉड केवळ या कळीने अडवलेले असतात.

आता संगणकावर लपविलेले फोल्डर दाखविण्याची सोय चालू केली, की ‘आयपॉड कंट्रोल’ नावाचा फोल्डर आणि त्यात ‘म्युझिक’ सापडतो. आत एफ००, एफ०१ अशा नावांच्या कप्प्यांत गाणी विखुरलेली असतात आणि त्यांना चार अक्षरांची निरर्थक नावे दिलेली असतात. घाबरण्याचे कारण नाही. गाण्याचे खरे नाव, कलाकार आणि अल्बम ही माहिती बहुधा प्रत्येक फाइलच्या आतच नोंदलेली असते. सारे कप्पे उचलून संगणकावर ठेवले आणि संगीताच्या एखाद्या प्रणालीत ओढले, की नावे परत दिसू लागतात. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर एकाच वेळी सर्व उतरविण्याचा अट्टहास न करता आधी ज्याची प्रत कोठेच नाही ते घ्यावे.

दुसऱ्याचा वापरलेला आयपॉड विकत घेताना डिस्कची प्रकृती विक्रेत्यासमोरच पाहता येते. वरीलप्रमाणेच यंत्र नव्याने सुरू करून मधले बटण आणि मागे जाण्याचे डावे बटण दाबून धरल्यास तपासणीचा मेन्यू उघडतो. त्यात हार्ड डिस्कची ‘स्मार्ट’ माहिती असते. ‘रिअॅलॉक्स’ आणि ‘पेंडिंग सेक्टर्स’ यांपुढील आकडे मोठे असतील, तर डिस्क अखेरच्या घटका मोजत आहे असे समजावे. डिस्क बदलायचीच असेल, तर अशा यंत्राची किंमत पाडून मागता येते. पडदा, चक्र आणि हेडफोनची खाच मात्र शाबूत हवी.

हार्ड डिस्क काढून तिच्या जागी मेमरी कार्ड बसविणे, ही आजची सर्वमान्य सुधारणा. त्यासाठी आयफ्लॅशसारखे अॅडॉप्टर मिळतात. काहींत एकच एसडी कार्ड बसते, काहींत चार मायक्रोएसडी. फिरणारा भाग नाहीसा झाल्याने धक्क्यांची भीती उरत नाही, वीज कमी लागते आणि मोकळ्या झालेल्या जागेत मूळच्यापेक्षा कितीतरी मोठी बॅटरी मावते. कार्ड नामांकित आणि खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावे. बनावट कार्डे संगणकाला खोटी क्षमता सांगतात आणि खरी जागा भरली, की पुढील गाणी निमूटपणे हरवतात. संगणकावर काठोकाठ भरून तपासल्याखेरीज ते यंत्रात घालू नये.

पाचव्या पिढीचे कवच प्लास्टिकच्या पातळ पट्टीने उघडते. मात्र उघडताच दोन्ही भाग ओढून वेगळे करू नयेत. बॅटरी आणि हेडफोनची खाच पाठीच्या बाजूला असून दोन नाजूक फितींनी मुख्य पाटीला जोडलेली असतात. फीत धरून ठेवणारी इवलीशी पट्टी आधी नखाने वर उचलावी लागते. ती तुटली, की हौशी दुरुस्ती तेथेच थांबते. बॅटरी फुगलेली असेल, तर टोकदार हत्यार जवळही नेऊ नये. क्लासिकच्या धातूच्या कडा तर हमखास वाकतात, तेव्हा तो कारागिराकडे दिलेला बरा.

कार्ड बसविल्यावर आयपॉड ‘रिस्टोअर’ करावा लागतो. विंडोजवर ते आयट्यून्समधून होते. मॅकवर २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून आयट्यून्स नाही, तेथे फाइंडरमधून करावे. मूळ प्रणालीत एमपीथ्री, एएसी आणि अॅपल लॉसलेस चालते. फ्लॅक चालत नाही. फ्लॅकचाच संग्रह असेल, तर रॉकबॉक्स ही मुक्त प्रणाली घालता येते. मग गाणी साध्या फोल्डरप्रमाणे ओढून टाकता येतात. मात्र त्यासाठी यंत्र विंडोजच्या, म्हणजे फॅट३२ पद्धतीने सजविलेले हवे.

किती मोठे कार्ड घ्यावे, याचा हिशेब सोपा आहे. ३२० केबीपीएसच्या एमपीथ्रीला मिनिटाला सुमारे २.४ एमबी लागतात, म्हणजे तासाभराच्या ख्यालाला सुमारे १४४ एमबी. १२८ जीबीच्या कार्डावर अशी आठशेहून अधिक तासांची गाणी मावतात. लॉसलेसला याच्या दुप्पट किंवा थोडी अधिक जागा धरावी. विलंबित आणि द्रुत वेगवेगळ्या फाइलींत असतील, तर मध्ये खंड न पडता वाजविण्याची सोय पाचव्या पिढीपासून मिळते, हेही जुन्यातला जुना आयपॉड शोधणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

काढलेली जुनी हार्ड डिस्क लगेच टाकून देऊ नये. उतरवलेली सर्व गाणी एकेकदा वाजवून पाहिली जाईपर्यंत आणि त्यांची आणखी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर जाईपर्यंत ती कागदात गुंडाळून, नाव लिहून ठेवावी.