टपालवाट्याचे दार आणि गीताची घडण

श्रमिकाचे गीत म्हणजे एकतर उत्स्फूर्त उद्गार, नाहीतर निषेधाची घोषणा, असे द्वंद्व समीक्षेत रूढ आहे. जॉन प्राइन (१९४६–२०२०) या अमेरिकन गीतकाराची रचना त्यात बसत नाही. शिकागोनजीकच्या मेवुड उपनगरात वाढलेला प्राइन १९६०च्या दशकात टपाल वाटत असे आणि वाटपाच्या फेरीत मनातल्या मनात गीते रचत असे. टपालवाट्याला दार परिचित असते. आत प्रवेश नसतो. त्याच्या गीतांतील निवेदकाचे स्थान बहुधा हेच आहे. १९७१च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील ‘हॅलो इन देअर’मधील वृद्धांचे एकाकीपण किंवा ‘सॅम स्टोन’मधील व्यसनाधीन माजी सैनिकाचे घर साध्या तपशिलांतूनच उभे राहते.

त्याच मुद्रिकेतील ‘पॅरडाइज’ हे गीत आईवडिलांच्या केंटकीतील गावाच्या विनाशाविषयी आहे. गीत दोष देते पीबडी या कोळसा कंपनीला. प्रत्यक्षात, वीजकेंद्राच्या राखेमुळे टेनेसी व्हॅली प्राधिकरणाने उरलेसुरले गाव विकत घेऊन १९६७मध्ये पाडले. त्या केंद्राला कोळसा मात्र परिसरातील खाणींचाच होता. गीताने ही गुंतागुंत गाळून एकच प्रतिपक्ष निवडला. ही निवड म्हणजे रचना होय.

१९९०च्या दशकात रूढ झालेले ‘अमेरिकाना’ हे वर्गनाम अशा गीतांच्या अस्सलपणाचा गौरव करते. परंतु गीताला केवळ जीवनाचा दस्तऐवज मानले, की श्रमिकाचे अनुभव मान्य होतात आणि त्याचे कर्तेपण तेवढे नाकारले जाते.