गाठीचे नाव

स्त्रीच्या स्तनात गाठ हाताला लागली की घरातील माणसांच्या मनात पहिला प्रश्न उमटतो तो हा, की ही कर्करोगाची तर नव्हे? शतकानुशतके या प्रश्नाचे उत्तर वैद्याच्या बोटांवर अवलंबून होते. गुळगुळीत, हलणारी गाठ सौम्य आणि कठीण, त्वचेला आत ओढणारी गाठ घातक, असा ठोकताळा असे. पुष्कळदा तो खराही ठरे. परंतु क्वचित आढळणाऱ्या काही सौम्य अर्बुदांनी तो खोटा पाडला. त्यांचा इतिहास हा बव्हंशी चुकलेल्या नावांचा इतिहास आहे.

इ. स. १८३८ मध्ये योहान्नेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाच्या आधारे अर्बुदांची वर्गवारी करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. स्तनातील एक मांसल गाठ आतून पानांच्या घड्यांसारखी दिसते, म्हणून त्याने तिच्या नावात पर्णवाचक 'फायलोडीस' हा ग्रीक शब्द घातला आणि मांसलपणामुळे 'सार्कोमा' हा शब्दही जोडला. त्याच्या मते ही गाठ सौम्यच होती. पुढे मात्र 'सार्कोमा' म्हणजे घातक अर्बुद असा अर्थ रूढ झाला, आणि सौम्य गाठीलाही घातकपणाचा शिक्का चिकटला. या जातीच्या थोड्या गाठी खरोखरच घातक निघतात, त्यामुळे गोंधळ अधिकच वाढला. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये 'फायलोडीस अर्बुद' एवढेच नाव स्वीकारले.

दुसरे उदाहरण मॉस्कोच्या अब्रिकोसॉव्ह यांनी १९२६ मध्ये वर्णिलेल्या कणमय पेशींच्या अर्बुदाचे. स्तनात झाल्यास ते कठीण लागते, कधी त्वचाही खेचते, आणि हुबेहूब कर्करोगासारखे भासते. प्रत्यक्षात ते जवळजवळ नेहमीच निरुपद्रवी असते. अब्रिकोसॉव्ह यांनी त्याचा उगम स्नायूत मानला होता. तो मज्जातंतूंच्या आवरणपेशींत असल्याचे नंतर कळले.

या चुकांची किंमत स्त्रिया मोजीत. हॉलस्टेड यांनी १८८२ पासून रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत स्तनाबरोबर छातीचे स्नायू व काखेतील ग्रंथीही काढीत. पुढे गाठीचा तुकडा गोठवून शस्त्रक्रिया चालू असतानाच तपासण्याची रीत आली. त्यामुळे काही मिनिटांत निकाल मिळू लागला. पण गुंगीत गेलेल्या स्त्रीला आपण स्तनासह जागे होऊ की नाही, हे ठाऊक नसे.

निर्णयाचा भार अशा रीतीने शल्यविशारदाच्या हातून विकृतिशास्त्रज्ञाच्या डोळ्यांकडे आला. मुंबईत २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी वाहिली. १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले, त्याचेही नेतृत्व त्यांच्याकडेच होते. रुग्णशय्या आणि सूक्ष्मदर्शक यांची सांगड ही त्या पिढीची मोठी देणगी होय.

आज हाताने तपासणी, क्ष-किरण वा ध्वनिलहरींचे चित्र आणि सुईने काढलेला तुकडा, या तिन्हींचा मेळ बसल्यावाचून निदान पक्के मानीत नाहीत. देवनहळ्ळीसारख्या गावातील स्त्रीला त्यासाठी बंगळूरला, १९७३ मध्ये स्थापन झालेल्या किदवाई संस्थेसारख्या ठिकाणी जाता येते. तेथवर ती वेळेवर पोहोचली आणि शस्त्र उचलण्यापूर्वी गाठीचे खरे नाव कळले, तर अनेकदा केवळ गाठ काढून भागते. स्तन वाचतो, आणि भयही सरते.