ब्रेक निकामी होणे (घाटउतारावर)

चालत्या वाहनाचे ब्रेक पॅडल दाबूनही वेग कमी न होणे, या स्थितीला बोलीत सरसकट ‘ब्रेक फेल’ म्हणतात. सपाट रस्त्यावर अशी वेळ आली तर इंजिनाचा अवरोध, चाकांचे घर्षण आणि वारा मिळून गाडी केव्हा ना केव्हा थांबवतात. उतारावर मात्र गुरुत्वाकर्षण तिला पुढे ढकलत राहते. म्हणून महाराष्ट्रात हा विषय मुख्यतः घाटांचा आहे : बोरघाट, कसारा, खंबाटकी, आंबेनळी आणि पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा लांबलचक उतार.

खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना वाहन सुमारे ५०० मीटर खाली येते. १,५०० किलोग्रॅम वजनाच्या मोटारीला या उतरणीत जी ऊर्जा गमवावी लागते, ती जवळजवळ दोन युनिट विजेइतकी असते. ४० टनी मालट्रकच्या बाबतीत हा आकडा ५४ युनिटांवर जातो. या ऊर्जेचा काही भाग वाऱ्यात आणि टायरमध्ये खर्च होतो. उरलेली ऊर्जा इंजिन तरी शोषून घेते, नाहीतर ब्रेकच्या डिस्क आणि ड्रम. चालकाने घाटमाथ्यावर कोणता गिअर टाकला, यावर ही वाटणी ठरते. घाटातले बहुतेक ‘फेल’ झालेले ब्रेक अचानक तुटलेले नसतात. वरच्या दोन-चार किलोमीटरमध्ये ते वापरून संपवलेले असतात.

बिघाड ओळखण्याचे सर्वांत चांगले साधन चालकाच्या पायाखालीच असते. मोटारीच्या ब्रेकमध्ये पायाचा दाब ब्रेक ऑइलमार्फत चाकांपर्यंत पोहोचतो. नळी फुटली किंवा मास्टर सिलिंडरची सीले गेली, तर पॅडल एकदम खाली बसते. मात्र आधुनिक मोटारीत ऑइलचे दोन स्वतंत्र मार्ग असतात, बहुधा कर्णरेषेत विभागलेले : पुढचे डावे चाक व मागचे उजवे एका मार्गावर, उरलेली दोन दुसऱ्यावर. एक मार्ग गेला तरी दुसरा काम करतो, पण तो पॅडलच्या अगदी तळाशी आणि बराच जोर लावल्यावर. घाबरून पाय उचलणारा चालक हा शिल्लक ब्रेकही सोडून देतो.

पॅडल मऊ, स्पंजासारखे लागत असेल तर ऑइलमध्ये वाफ झालेली असण्याचा संभव मोठा. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते. ‘डॉट ३’ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा धरलेल्या ऑइलसाठी हेच प्रमाण १४० अंश आहे. ‘डॉट ४’साठी हे आकडे २३० आणि १५५. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र सहज दाबली जाते, त्यामुळे पायाचा सगळा जोर बुडबुडे चेपण्यातच जातो. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला, असे कंपन्या सांगतात ते यासाठी. कोकणच्या दमट हवेत हा सल्ला दुर्लक्षिण्याजोगा नाही.

तिसरा प्रकार पॅडल कडक लागण्याचा. पाय दाबला जातो, ऑइलही ठीक असते; पण अतितप्त झालेले लायनर डिस्कला वा ड्रमला पुरेसे धरत नाहीत. जळका वास आणि चाकांतून येणारा धूर ही याची आगाऊ सूचना. इंजिन बंद पडल्यावरही पॅडल कडक होते, कारण पायाला जोड देणाऱ्या बूस्टरची निर्वात शक्ती एक-दोन दाबांतच संपते. ब्रेक तेव्हाही शाबूत असतात. फक्त पूर्ण ताकदीने दाबावे लागतात. सीटखालून घरंगळत पॅडलमागे अडकलेली पाण्याची बाटली हीदेखील कडक पॅडलच्याच वर्गात मोडते. हा प्रकार हास्यास्पद वाटला तरी दुर्मीळ नाही.

चालकाची पहिली कृती म्हणजे अॅक्सिलरेटरवरून पाय काढणे आणि पॅडल झपाट्याने, पूर्ण खोलीपर्यंत, पुन्हा पुन्हा दाबणे. पॅडल बसत असेल किंवा मऊ असेल तर अशा ‘पंपिंग’ने अनेकदा काही दाब तयार होतो. गाडीत एबीएस असली तरी, पॅडल तळाला जात असताना पंप करण्यात चूक नाही. एबीएस असलेल्या गाडीत पंप करू नये हा नियम चालू ब्रेकसाठी आहे. पॅडल कडक असेल तर पंप करून उपयोग नाही, उलट बूस्टरचा शिल्लक साठा संपतो. तिथे दोन्ही पायांचे बळ लावावे.

त्याच वेळी गिअर उतरवत न्यावा. पाचव्यावरून थेट पहिला टाकण्याचा प्रयत्न करू नये. चाके घसरू शकतात, किंवा गिअर पडतच नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये अडकते. चौथा, तिसरा, दुसरा असे येताना प्रत्येक पायरीवर वेग थोडा पडू द्यावा. ऑटोमॅटिक मोटारीत ‘एल’ किंवा हाताने गिअर बदलण्याची सोय वापरता येते. विजेवरच्या मोटारींत ऊर्जा परत मिळवणारी यंत्रणा हेच काम करते, पण बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर तिचा जोर कमी पडू शकतो. घाटमाथ्यावर मुक्काम करून पूर्ण चार्जिंगनंतर उतरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

हँडब्रेक बहुतेक मोटारींत तारेने मागच्या चाकांशी जोडलेला असतो, म्हणून ऑइल गेले तरी तो चालतो. तो एका झटक्यात ओढल्यास मागची चाके जाम होऊन गाडी आडवी फिरते. दांड्याचे बटण अंगठ्याने दाबून धरून तो थोडा ओढावा, थोडा सैल सोडावा. बटणाचा विजेवरचा पार्किंग ब्रेक असलेल्या बऱ्याच मोटारींत ते बटण धरून ठेवल्यास यंत्रणा नियंत्रित रीतीने गाडी थांबवते. आपल्या गाडीत तशी सोय आहे का, हे पुस्तिकेत आधीच पाहून ठेवलेले बरे.

चावी फिरवून इंजिन बंद करणे ही या प्रसंगातली सर्वांत घातक सहजप्रवृत्ती. त्यामुळे स्टिअरिंग जड होते, बूस्टर जातो, आणि चावी काढली तर स्टिअरिंग कुलूपबंदही होऊ शकते. हॉर्न, दिवे आणि चारही इंडिकेटर चालू ठेवावेत. यानंतरही वेग आटोक्यात येत नसेल तर कशाला धडकायचे ते निवडावे लागते. चढणीचा फाटा किंवा मुरमाचा, मातीचा पट्टा मिळाला तर उत्तम. नाही तर दरीच्या नव्हे, डोंगराच्या बाजूने, तिरप्या कोनात संरक्षक भिंतीला किंवा कठड्याला घासत न्यावे. समोरासमोरच्या धडकेपेक्षा हे कितीतरी सुसह्य. डोंगर उजवीकडे असलेल्या अविभाजित रस्त्यावर मात्र हा पर्याय समोरून येणाऱ्यांच्या जिवावर बेततो.

मालट्रकची गोष्ट वेगळी. त्यांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, आणि पार्किंग ब्रेक बलदंड स्प्रिंगांचे असतात. ते हवेच्या दाबाने मोकळे राहतात, म्हणजे टाकीतली हवा फार घटली तर ते आपोआप लागतात. पण तापलेला ड्रम प्रसरण पावून लायनरपासून दूर सरकतो, पुशरॉडची चाल अपुरी पडते, आणि हवा भरपूर असूनही ब्रेक लागत नाही. अशा वेळी स्प्रिंगही फारसे काही करू शकत नाही, कारण तिलाही त्याच तापलेल्या ड्रमवर काम करायचे असते. जुन्या गिअरपेटीत भर वेगात खालचा गिअर पडणे दुरापास्त, डबल क्लच मारूनही. म्हणून गिअर घाटमाथ्यावरच टाकायचा असतो. ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरावे, ही ट्रकचालकांची जुनी रीत. आजची ताकदवान इंजिने वरच्या गिअरमध्येही घाट चढतात, तेव्हा त्याहून एक खालचा धरणे अधिक सुरक्षित.

अमेरिकी डिझेल अभियंता क्लेसी कमिन्स १९३१ मध्ये कॅलिफोर्नियातील कहोन खिंडीतून ट्रक उतरवत असताना ब्रेक निकामी झाले आणि तळाशी रूळ ओलांडणाऱ्या मालगाडीवर आदळता आदळता ट्रक वाचला. त्याच अनुभवातून इंजिनाच्या झडपांचा उपयोग करून वेग शोषणाऱ्या ब्रेकची कल्पना त्यांनी पुढे विकसित केली. १९६१ मध्ये ती बाजारात आली. आपल्याकडच्या ट्रकमध्ये इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा एक्झॉस्ट ब्रेक सामान्यतः असतो. तो वापरला जातोच असे नाही.

याचे एक कारण म्हणजे इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये उतरल्यास डिझेल वाचते ही समजूत. २० नोव्हेंबर २०२२ रोजी रात्री नवले पुलाजवळ एका अवजड वाहनाने अनेक गाड्यांना धडक दिली. प्रथम ब्रेक फेल झाल्याचे सांगितले गेले. पोलिसांच्या प्राथमिक तपासात चालकाने उतारावर इंजिनच बंद केल्याचे पुढे आले. इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तर हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, इंजिनाचा अवरोध नाहीसा होतो आणि सगळा भार ड्रमवर पडतो. न्यूट्रलमध्ये उतरण्याने बचत होते हेही आजच्या गाड्यांना लागू नाही. गिअरमध्ये राहून अॅक्सिलरेटर सोडला की इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचे इंजिन इंधन जवळजवळ पूर्ण तोडते. न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू राहण्यापुरते इंधन पीतच राहते.

रेल्वेने हा प्रश्न चालकाच्या कौशल्यावर सोडला नाही. बोरघाटातला रेल्वेचा सर्वांत तीव्र चढाव ३७ मीटरला एक मीटर असा आहे. उतरणाऱ्या गाड्यांच्या ब्रेकची घाटापूर्वी चाचणी होते, आणि वाटेत कॅच सायडिंग आहेत : बेकाबू गाडी चढणीवरच्या एका बंद मार्गात शिरून थांबावी अशी योजना. रस्त्यासाठी याच तत्त्वावर, बेकाबू वाहन रुतवून थांबवणारे, वाळूचे किंवा सुट्या खडीचे उतारनिकास बांधतात. अनेक देशांतल्या डोंगरी महामार्गांवर ते नित्याचे आहेत. आपल्या घाटांत त्यांची गरज अजून भागलेली नाही.

गिअर नसलेल्या स्कूटरला घाटउतारावर इंजिनाचा आधार कमी मिळतो. अॅक्सिलरेटर पूर्ण सोडून वेग पुरेसा पडला की तिचा क्लच सुटतो आणि गाडी न्यूट्रलमध्ये असल्यासारखी धावते. म्हणून तिथे ब्रेक सतत दाबून न ठेवता, मधे मधे जोराने दाबून पूर्ण सोडणे आणि वाटेत थांबून ते थंड होऊ देणे, एवढेच हाती उरते.

गाडी थांबल्यावर तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नये. ड्रम वा डिस्क तडकते. तापलेल्या स्थितीत ओढलेला हँडब्रेक धातू आकसल्यावर सैल पडू शकतो, म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत. अर्ध्या तासाने पॅडल पूर्ववत लागले, तरी ऑइल आणि लायनर तपासेपर्यंत ती गाडी टोइंग करूनच न्यावी. अपघात झालेला असेल तर केवळ ‘ब्रेक फेल झाले’ म्हटल्याने सुटका होत नाही. बिघाड सुप्त होता आणि वाजवी काळजी घेऊनही तो आधी कळणे शक्य नव्हते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी वाहनमालकावर असते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या एका निवाड्यात म्हटले आहे. त्यामुळे देखभालीच्या पावत्या जपून ठेवाव्या लागतात.