खुबा बदलल्यावरची चाल

खुब्याचा सांधा बदलला की आतले दुखणे बहुतेक वेळा लवकर थांबते. लंगडणे मात्र आपोआप जात नाही. शस्त्रक्रियेआधी रुग्ण कित्येक वर्षे दुखरा पाय वाचवत चाललेला असतो. तेवढ्या काळात कुल्ल्याच्या बाजूचा ग्लुटिअस मेडिअस हा स्नायू रोडावतो, पाऊल आखूड पडू लागते आणि धड दुखऱ्या बाजूला झुकवून चालण्याची सवय अंगात मुरते. सांधा नवा बसला तरी स्नायू आणि सवय जुनीच राहते. सांधेबदलाचा शस्त्रक्रियागृहातला इतिहास पुष्कळदा लिहिला गेला आहे. चालायला शिकवण्याच्या विद्येचा इतिहास त्याहून वेगळा आहे. ती पोलिओच्या वॉर्डांत आणि युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांच्या केंद्रांत घडली, आणि बंगळुरूत आज खुब्याच्या रुग्णाला उभे करणारे हात त्याच परंपरेतले आहेत.

चालताना दर पावलाला क्षणभर सगळे शरीर एकाच पायावर तोललेले असते. त्या क्षणी कंबरेचे हाडांचे कडे, म्हणजे श्रोणी, उचललेल्या पायाच्या बाजूला कलू पाहते. तिला आडवे धरून ठेवतो तो टेकलेल्या पायाच्या बाजूचा ग्लुटिअस मेडिअस. शरीराचा भार सांध्यापासून दूर आणि स्नायूची पकड सांध्याजवळ, त्यामुळे या स्नायूला वजनाच्या जवळजवळ दुप्पट जोर लावावा लागतो. बर्लिनमध्ये जी. बेर्गमान आणि सहकाऱ्यांनी मापयंत्र असलेले कृत्रिम खुबे रुग्णांना बसवून प्रत्यक्ष भार मोजला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आकड्यांनुसार ताशी सुमारे ४ किलोमीटर वेगाने चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सरासरी २३८ टक्के भार येतो. म्हणजे ६० किलोच्या माणसाच्या खुब्यावर दर पावलाला सुमारे १४३ किलो. स्नायू अशक्त असेल तर एक तर श्रोणी खाली पडते, नाही तर ती पडू नये म्हणून माणूस धडच टेकलेल्या पायावर झुकवतो. लोक ज्याला लंगडणे म्हणतात त्याचा मोठा भाग एवढाच आहे.

हे कारण ओळखले जर्मन सर्जन फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी. खुबा जन्मतः निखळलेली मुले डोलत चालतात, ती हाडाचे डोके वरखाली सरकते म्हणून, असा त्यांच्या आधीचा समज होता. दोष स्नायूच्या दुबळेपणात आहे, हे त्यांनी १८९५ मध्ये दाखवून दिले, तेही रुग्णाला एका पायावर उभे करून, मागून नुसते पाहून. पुढे फ्रीडरिश पाउवेल्स यांनी १९३५ च्या सुमारास या तोलाचे गणित मांडले आणि काठी दुखऱ्या बाजूच्या हातात न धरता विरुद्ध हातात का धरायची हे आकड्यांतून स्पष्ट झाले. विरुद्ध हातातली काठी सांध्यापासून लांब टेकते, म्हणून थोड्याशा दाबानेही स्नायूचे पुष्कळ काम वाचते. अमेरिकी सर्जन वॉल्टर ब्लाउंट यांनी १९५६ मध्ये काठी फेकून देऊ नका असे सांगणारा लेख लिहिला. त्यातला सल्ला आजही तितकाच लागू आहे, कारण काठीची लाज वाटून ती लवकर टाकणारा रुग्ण लंगडणे पक्के करून घेतो.

शस्त्रक्रियेची कथा थोडक्यात सांगता येते. थेमिस्टोक्लिस ग्लुक यांनी १८९१ मध्ये हस्तिदंताचे सांधे वापरून पाहिले. फिलिप वाइल्स यांनी १९३८ मध्ये लंडनमध्ये पोलादी खुबा बसवला. ऑस्टिन मूर यांचा धातूचा गोळा १९४० पासून पुढे आला आणि मोडलेल्या मांडीच्या हाडासाठी तो भारतातही वर्षानुवर्षे वापरला गेला. खरे वळण आले इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात. तिथे जॉन चार्न्ली यांनी आधी टेफ्लॉनची वाटी वापरली. ती झिजून अपयश आल्यावर नोव्हेंबर १९६२ पासून त्यांनी दाट पॉलिइथिलीनची वाटी, २२.२२५ मिलिमीटरचा लहान धातूचा गोळा आणि ते हाडात घट्ट बसवायला ॲक्रिलिक सिमेंट वापरले. चार्न्लींचे मोठेपण निव्वळ साहित्याच्या निवडीत नाही. वाटी आत सरकवायची आणि मांडीच्या हाडाचा बाहेरचा उंचवटा, जिथे ग्लुटिअस मेडिअस चिकटतो, तो कापून बाहेरच्या बाजूला बसवायचा, म्हणजे स्नायूची तरफ लांबते, असा त्यांचा विचार होता. रुग्ण चांगला चालावा ही गोष्ट त्यांनी सांध्याच्या रचनेतच धरली होती. पण कापलेला उंचवटा कधीकधी जुळत नसे आणि मग लंगडणे कायमचे राही. पुढे के. हार्डिंज यांनी १९८२ मध्ये उंचवटा न कापता स्नायूचा पुढचा भाग सोडवून आत जाण्याची बाजूची वाट प्रसिद्ध केली. त्या वाटेने स्नायू दुखावतो आणि त्याला चालवणारी नस उंचवट्याच्या टोकापासून काही सेंटिमीटर वरच असल्याने तीही ताणली जाऊ शकते. मागून जाणाऱ्या वाटेत हा स्नायू वाचतो, पण सांधा निखळण्याची भीती अधिक असते. म्हणून चालायला शिकवणाऱ्याने पहिल्यांदा विचारायचे ते आत जाण्याची वाट कोणती होती हे.

भारतात या शस्त्रक्रियेच्या आद्य सर्जनांत मुंबईच्या डॉ. के. टी. ढोलकिया यांचे नाव घेतले जाते. इथला रुग्ण युरोपातल्या रुग्णाहून वेगळा होता आणि आजही आहे. तिकडे म्हातारपणी झिजलेला सांधा हे मुख्य कारण. इकडे मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते बसणे हे फार मोठे कारण, त्याखालोखाल वेळेवर न जुळलेले जुने फ्रॅक्चर, ताठरत जाणारा संधिवात आणि बरा होऊन गेलेला खुब्याचा क्षय. पुष्कळ रुग्ण तिशी-चाळिशीतले असतात. त्यांना कामावर परतायचे असते, दुचाकी चालवायची असते, जमिनीवर मांडी घालून बसायचे असते. मांडी घालणे आणि उकिडवे बसणे या दोन्हींवर शस्त्रक्रियेनंतर बरेच दिवस बंदी असते. मोठ्या वयाच्या माणसांना ती चालण्याच्या कष्टांपेक्षा जड जाते, आणि त्यांचे हे दुःख सर्जनांनी हलके मानू नये.

चालायला शिकवणारा व्यवसाय मात्र खुब्यासाठी जन्मलाच नव्हता. पुण्यात १९४४ मध्ये दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. मुंबईत फातिमा इस्माईल यांनी पोलिओ झालेल्या आपल्या मुलीच्या उपचारांसाठी खस्ता खाल्ल्या आणि १९४७ मध्ये अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था उभी केली. हाजी अली इथले मुलांचे अस्थिरोग रुग्णालय त्याच प्रयत्नांचे फळ. पोलिओच्या साथींनी शहर हादरले होते आणि मुलांचे स्नायू जागे करणारी शिकलेली माणसे हवी होती. म्हणून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने उघडली. १९५५ मध्ये हाजी अलीलाच अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आली.

या शाळांत जे शिकवले जाई ते खुब्याच्या रुग्णाला जसेच्या तसे उपयोगी पडले. स्नायूची ताकद हाताने जोखण्याची रीत बॉस्टनमध्ये रॉबर्ट लवेट आणि विल्हेल्मिन राइट यांनी पोलिओच्या मुलांसाठी बसवली. आज वापरात असलेली ० ते ५ गुणांची मोजपट्टी ब्रिटनमध्ये महायुद्धातल्या नसांच्या जखमांसाठी रूढ झाली. ३ गुण म्हणजे स्नायू अवयवाचे वजन पेलतो, त्यावर हाताचा दाब सोसत नाही. खुबा बदललेल्या रुग्णाचा ग्लुटिअस मेडिअस पुष्कळदा ३ वरच असतो, आणि ३ गुणांच्या स्नायूवर सरळ चालता येत नाही.

बंगळुरूत ही विद्या जरा उशिरा पण घट्ट रुजली. सेंट मार्थाज रुग्णालय १८८६ चे आणि व्हिक्टोरिया रुग्णालय १९०० चे; शस्त्रक्रियेची मोठी ठिकाणे ती. पुनर्वसनाचे काम मात्र खुद्द अपंगांनी हाती घेतले. एन. एस. हेमा यांनी १९५९ मध्ये आपल्यासारख्या अपंग साथीदारांसह असोसिएशन ऑफ पीपल विथ डिसॅबिलिटी ही संस्था स्थापली. १९९४ मध्ये मोबिलिटी इंडिया सुरू झाली. तिथे कृत्रिम पाय आणि कॅलिपर, म्हणजे दुबळ्या पायाला आधार देणाऱ्या पट्ट्या, बनवण्याचे तसेच पुनर्वसनाचे शिक्षण मिळते. १९९६ मध्ये राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर राज्यातली फिजिओथेरपीची महाविद्यालये एका छत्राखाली आली आणि केरळपासून ईशान्येपर्यंतची मुले शिकायला शहरात येऊ लागली. भारतातला नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त घोषित झाला. कॅलिपर घालून शिकणारी मुले कमी होत गेली, सांधे बदललेली माणसे वाढत गेली, आणि चालण्याच्या सरावासाठी दोन्ही हातांनी धरायच्या समांतर दांड्यांमधली जागा त्यांनी घेतली.

या दांड्यांमध्ये काय चालते ते जवळून पाहण्यासारखे आहे. फिजिओ रुग्णाच्या मागे बसतो आणि दोन्ही अंगठे श्रोणीच्या वरच्या कडांवर ठेवतो. रुग्णाने चांगला पाय उचलला की त्या बाजूचा अंगठा खाली जातो का, धड दुसरीकडे झुकते का, हे तो पाहतो. ३० सेकंद अंगठा न ढळता उभे राहता आले की काठी सोडायचा विचार करायचा. त्याआधी वॉकर, मग काठी, हा क्रम धरायचा. कुशीवर पडून पाय वर उचलण्याचा व्यायाम स्नायूसाठी सर्वात चांगला, पण बाजूच्या वाटेने शस्त्रक्रिया झाली असेल तर शिवलेला स्नायू जुळेपर्यंत, साधारण सहा आठवडे, तो करायचा नसतो. त्यानंतर ओट्याला धरून पाय बाजूला नेणे, पायरीच्या कडेवर एका पायाने उभे राहून लोंबकळता कुल्ला खाली सोडणे आणि वर खेचणे, भिंतीलगत आडवे चालणे. आरसा समोर असतोच, कारण झुकलेले धड रुग्णाला सरळच वाटते.

लंगडण्याचे दुसरे कारण पुष्कळदा निसटते. खुब्याची पुढची बाजू आखडलेली असली तर पाय मागे जात नाही, म्हणून दुसऱ्या पायाचे पाऊल आखूड पडते. त्यासाठी रोज थोडा वेळ पालथे पडावे लागते. तिसरे कारण पायाच्या लांबीचे. आखडलेल्या स्नायूंमुळे श्रोणी तिरपी राहते आणि पाय लांब झाल्यासारखा वाटतो. काही महिन्यांत तो भास बहुधा जातो, म्हणून चपलेखाली घाईने जाड टाच लावणे चुकीचे. काही वेळा दोष सांध्यातच असतो. धातूवर धातू घासणारा एक सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. भारतात तो हजारो रुग्णांना बसवलेला होता. त्याच्या धातूच्या कणांनी काहींचे स्नायूच कुजले आणि तिथे कोणताही व्यायाम पुरला नाही. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणी आधी पावले उचलली. केंद्र सरकारची तज्ज्ञ समिती २०१७ मध्ये नेमली गेली. रुग्णांच्या दृष्टीने ती दिरंगाई अक्षम्य होती.

आता रुग्ण काही दिवसांतच घरी जातो, त्यामुळे शिकवणीचा मोठा भाग घरात आणि रस्त्यावर होतो. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी शस्त्रक्रियेचा पाय आणि काठी. बंगळुरूचे जुने पदपथ पावसाळी गटारांवर टाकलेल्या दगडी लाद्यांचे आहेत. लादी हललेली असली की रुग्ण खाली पाहून चालतो आणि धड पुन्हा झुकते. रस्त्याची कड पाणी वाहून जाण्यासाठी उतरती असते, तिथे एक पाय नेहमी खोल पडतो आणि लांबीचा खोटा फरक तयार होतो. म्हणून पहिले काही आठवडे इमारतीचा सपाट व्हरांडा, नंतर लालबागेतले किंवा कब्बन पार्कमधले रुंद रस्ते, तेही गर्दी नसताना. बसची उंच पायरी सर्वात शेवटी शिकवतात: कांब दोन्ही हातांनी धरायची, चांगला पाय वर टाकायचा, आणि शरीर वर आल्यावर मगच दुसरा.