विजेच्या गिटारीची जन्मकथा

एका मोठ्या पंगतींत एक मनुष्य बसला आहे, त्याच्यापुढें पान मांडलेलें आहे, वाढपी लगबगीनें जात-येत आहेत. पण त्याच्या पानावर मात्र कोणी कांहीं वाढीत नाहीं, आणि त्यानें मारलेली हांक त्या गलबल्यांत कोणाला ऐकूं जात नाहीं. सुमारें शंभर वर्षांपूर्वीं अमेरिकेंतील नृत्यगृहांतून गिटार वाजविणाऱ्याची स्थिति जवळजवळ अशीच होती. त्याच्या एका बाजूला तुताऱ्या आणि सॅक्सोफोन, दुसऱ्या बाजूला ढोल आणि झांजा. त्या घोषांत तो बिचारा रात्रभर तारा छेडीत असे. ठेक्याला त्याची थोडी मदत होई. परंतु एखादी स्वतंत्र सुरावट त्यानें वाजविली, तर ती शेजारच्या वादकालादेखील धड ऐकूं येत नसे. आज जिच्या दणदणाटानें शेजारीपाजारी कानांवर हात ठेवतात, त्या विजेच्या गिटारीचा जन्म अशा ऐकूं न येणाऱ्या आवाजांतून झाला आहे. ती हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें.

गिटारीचा आवाज लहान कां, हें समजण्यास फारसें शास्त्र नको. व्हायोलिनवर गज फिरत असतो तोंवर तारेला सारखा जोर मिळत राहतो. बासरींत फुंक चालू असते. गिटारीची तार मात्र बोटानें एकदां छेडली कीं, तिला मिळालेलें बळ तेवढेंच. त्या इवल्याशा बळावर तिनें लांकडाची पोकळ पेटी हालवावयाची आणि पेटीनें भोंवतालची हवा हालवावयाची. कारागिरांनीं प्रथम पेटी मोठी करून पाहिली. पुढें १९२७ च्या सुमारास जॉन डोपिएरा या कारागिरानें धातूची गिटार तयार केली आणि तिच्या पोटांत ॲल्युमिनियमचे पातळ शंकू बसविले. आवाज वाढला खरा; पण नृत्यगृह जिंकण्याइतका नव्हे.

त्याच काळांत अमेरिकेंत हवाई बेटांतील संगीताचें वेड पसरलें होतें. १९१५ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें भरलेल्या भव्य प्रदर्शनांत तें लोकांनीं ऐकलें आणि त्याचा प्रसार झपाट्यानें झाला. हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवतात आणि पोलादी कांडी तारांवरून सरकवीत सूर काढतात. त्यामुळें एका सुरावरून दुसऱ्यावर मींडेनें जातां येतें. आपल्या कानांना मींड प्रिय. म्हणूनच हें वाद्य पुढें आपल्याकडेहि सहज रुळलें, आणि व्हॅन शिपले यांनीं विजेच्या हवाईयन गिटारीवर वाजविलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या कित्येकांच्या आवडीच्या झाल्या. हवाईयन गिटारीला वृंदांत नुसता ठेका धरून भागत नसे. तिला मुख्य सुरावटच वाजवावयाची असे. साहजिकच लहान आवाजाची अडचण तिलाच अधिक जाचूं लागली, आणि तिच्यावरचा उपायहि तिच्याच एका वादकानें शोधून काढला.

त्याचें नांव जॉर्ज बीचम. मायकेल फॅराडे यानें १८३१ सालीं दाखवून दिलें होतें कीं, तारेच्या वेटोळ्याजवळील चुंबकाचें क्षेत्र कमीजास्त झालें म्हणजे त्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. बीचमनें तांब्याच्या अत्यंत बारीक तारेचें हजारों फेऱ्यांचें एक वेटोळें वाद्याच्या पोलादी तारांखालीं ठेविलें, आणि घोड्याच्या नालासारखे दोन लोहचुंबक असे बसविले कीं, त्या तारा त्यांच्या कवेंतून जाव्या. पोलादी तार हालली कीं चुंबकाचें क्षेत्र हालतें. क्षेत्र हाललें कीं वेटोळ्यांत तितक्याच कंपनांचा क्षीण प्रवाह उठतो. जुन्या रेडिओंत असत तशा व्हॉल्व्हांनीं तो वाढवून कर्ण्यांतून सोडला कीं काम झालें. येथें एक मर्म ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. मायक्रोफोन हवेंतील आवाज टिपतो. हें वेटोळें हवेकडे लक्षच देत नाहीं, तें थेट तारेची हालचाल टिपतें. म्हणजे ज्या पेटीवर गिटारीचा आवाज शतकानुशतकें अवलंबून होता, त्या पेटीची गरजच उरली नाहीं.

१९३१ सालीं बीचमची लांकडी प्रतिकृति तयार झाली, आणि ॲडॉल्फ रिकेनबॅकर या कारखानदाराच्या साह्यानें १९३२ सालीं ॲल्युमिनियमची गिटार बाजारांत आली. वाटोळें लहानसें अंग आणि त्याला लांब दांडा, असें तिचें रूप पाहून लोक तिला 'तवा' म्हणूं लागले. पेटंटासाठीं १९३४ सालीं अर्ज केला, तो १९३७ सालीं मंजूर झाला. हें यंत्र खरोखर चालतें कीं नाहीं याविषयीं तपासनिसांस शंका होती, तेव्हां वादकांना वॉशिंग्टनला नेऊन पेटंट-कचेरींत प्रत्यक्ष वाजवून दाखवावें लागलें, असें सांगतात. मंजुरी येईपर्यंत इतर कारखान्यांनीं ती युक्ति उचललीहि होती.

त्यांपैकीं कॅलामझू गांवच्या गिब्सन कंपनीनें १९३६ सालीं नेहमींच्या पोकळ गिटारींत असेंच वेटोळें बसविलें. या गिटारीचें सोनें केलें तें चार्ली ख्रिश्चन या निग्रो तरुणानें. १९१६ सालीं टेक्सासमध्यें जन्मलेला आणि ओक्लाहोमा शहरांत गरिबींत वाढलेला हा मुलगा १९३९ सालीं बेनी गुडमन यांच्या प्रख्यात वृंदांत आला. तोंपर्यंत गिटारवाला म्हणजे मागें बसून ठेका धरणारा. ख्रिश्चन सॅक्सोफोनवाल्याप्रमाणें पुढें सरसावून एकेक सूर गुंफीत लांबच लांब सुरावटी वाजवूं लागला, आणि त्या सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकूं गेल्या. १९४२ च्या मार्चमध्यें तो क्षयानें वारला, तेव्हां त्याचें वय अवघें पंचवीस होतें. गुडमनांच्या वृंदांत त्याला पुरीं दोन वर्षेंहि मिळालीं नाहींत. परंतु तेवढ्यांत गिटारीची मागची जागा कायमची सुटली.

आतां नवी अडचण उभी राहिली. आवाज फार वाढविला कीं कर्ण्यांतून निघालेला ध्वनि पोकळ पेटीला हालवी, पेटी तारेला हालवी, तारेचें कंपन पुन्हां कर्ण्यांतून मोठें होऊन बाहेर पडे, आणि या फेऱ्यांतून एक कर्कश किंकाळी उठे. उपाय बीचमच्या मर्मांतच होता: पेटी काढून टाकणें. लेस पॉल या हरहुन्नरी वादकानें १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कमधील एका कारखान्यांत सुटीच्या दिवशीं बसून चार इंच जाडीच्या भरीव पाइन-लांकडाच्या ओंडक्यावर तारा चढविल्या. तो ओंडका वाजे उत्तम. परंतु त्याच्याच सांगण्याप्रमाणें लोकांनीं त्याला दाद दिली नाहीं. मग त्यानें एक जुनी गिटार कापून तिच्या दोन कडा ओंडक्याला चिकटविल्या, आणि तेच सूर लोकांना आवडूं लागले! आपण डोळ्यांनींहि ऐकतों, हें यावरून दिसेल. गिब्सन कंपनीनें मात्र त्या वेळीं त्याला हंसून वाटेला लाविलें.

भरीव गिटार खऱ्या अर्थानें घडविली ती ज्याला गिटार वाजवितांच येत नव्हती अशा गृहस्थानें. कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवीं लिओ फेंडर यांचें रेडिओ-दुरुस्तीचें दुकान होतें. वादक त्यांच्याकडे बिघडलेलीं यंत्रें घेऊन येत, आणि वाद्य कोठें दगा देतें हें ते कान देऊन ऐकत. १९५० सालीं त्यांनीं जी गिटार बाजारांत आणली ती म्हणजे भरीव लांकडाची एक फळी आणि तिला चार स्क्रूंनीं जोडलेली मान. मान झिजली तर स्क्रू काढा आणि दुसरी बसवा. जुन्या कारागिरांना ही सुतारकी वाटली असल्यास नवल नाहीं. तिचें नांव 'ब्रॉडकास्टर', म्हणजे नभोवाणीवरून बोलणारा, असें ठेविलें होतें. परंतु तशाच उच्चाराचें नांव ग्रेच कंपनीच्या ढोलांना असल्यामुळें तें १९५१ सालीं सोडावें लागलें. तेव्हां नभोवाणी गेली आणि टेलिव्हिजन आला: गिटार 'टेलिकास्टर' झाली. १९५४ सालीं आलेल्या 'स्ट्रॅटोकॅस्टर'ला तीन वेटोळीं, सूर कांपविणारा एक दांडा, आणि वादकाच्या बरगड्यांना रुतूं नये म्हणून घांसून उतरत्या केलेल्या कडा होत्या.

फेंडर यांचें यश पाहून गिब्सन कंपनीला लेस पॉलची आठवण झाली. १९५२ सालीं तिनें महोगनीच्या जड अंगावर मेपलचा थर चढवून, सोनेरी रंग देऊन, त्याच्या नांवाची गिटार काढली. वेटोळीं घरांतल्या विजेची गुणगुणहि पकडतात, हा दोष तिच्यांतहि होता. सेथ लव्हर या तिच्या तंत्रज्ञानें दोन वेटोळीं शेजारीं शेजारीं अशीं उलटसुलट जोडलीं कीं, गुणगुण एकमेकींना मारून जावी आणि तारेचा सूर मात्र दुणावावा. १९५७ पासून हीं जोडवेटोळीं या गिटारीवर आलीं, आणि १९५८ सालीं तिला मावळत्या सूर्याच्या छटांचा रंग मिळाला. आज रसिक जिला गिटारींतली कोहिनूर मानतात ती हीच. पण त्या वेळीं ती खपेना. दोन हजारांच्या आंतच नग निघाले असतील, तोंच १९६० च्या अखेरीस कंपनीनें तो घाट टाकून दिला.

मग जी वस्तु तिच्या निर्मात्यांनींच टाकून दिली, ती अभिजात कशी ठरली? याचें उत्तर कारखान्यांत सांपडत नाहीं, तें वाजविणाऱ्यांच्या हातांत सांपडतें. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांतून १९४३ सालीं मडी वॉटर्स हा गायक शिकागोस आला. तेथील गजबजलेल्या गुत्त्यांतून त्याची साधी गिटार ऐकूं येईना, म्हणून त्यानें विजेची धरली. त्याची आणि त्याच्यासारख्यांचीं लहान यंत्रें शक्तीबाहेर ताणलीं जात आणि सूर फाटे. फेंडर यांच्यासारख्या तंत्रज्ञाच्या लेखीं हा निव्वळ दोष. त्यांना स्वच्छ, निर्मळ स्वर हवा होता. परंतु फाटलेल्या सुरांत एक गुण असतो. लहरींचे माथे छाटले गेले कीं मूळ सुराबरोबर अनेक वरचे स्वर जागे होतात आणि सूर अधिक काळ टिकल्यासारखा वाटतो. आपल्याला हें परकें वाटूं नये. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं सुताचा धागा सरकवून आपण जवारी लावतों, तेव्हां काय करतों? कृति निराळी, पण हेतु तोच: स्वच्छ तारेला मुद्दाम झणकार आणून तिच्या पोटांतले स्वर बाहेर काढावयाचे.

शिकागोच्या त्या तबकड्या समुद्रापार इंग्लंडांतील मुलांनीं झिजेपर्यंत ऐकल्या. १९६६ सालीं एरिक क्लॅप्टन यानें जॉन मेयॉलच्या वृंदाबरोबर ध्वनिमुद्रण केलें, तें गिब्सननें टाकून दिलेल्या त्याच गिटारीवर. आवाज कमी करावा हा ध्वनिमुद्रणाचा शिरस्ता त्यानें मानला नाहीं; यंत्र पूर्ण सोडून तो वाजवीत राहिला. ती तबकडी ऐकून तरुण वादक त्या जुन्या गिटारींच्या शोधांत दुकानें धुंडाळूं लागले, आणि १९६८ सालीं कंपनीला तो घाट पुन्हां काढावा लागला. पुढल्याच वर्षीं, १९६९ च्या ऑगस्टमध्यें, वुडस्टॉकच्या मेळाव्यांत जिमी हेंड्रिक्स या डावखुऱ्या वादकानें उजव्या हाताची स्ट्रॅटोकॅस्टर उलटी धरून अमेरिकेचें राष्ट्रगीत वाजविलें. ज्या किंकाळीला भिऊन पेटी काढून टाकली होती, तीच किंकाळी त्यानें जाणूनबुजून उठविली, आणि व्हिएटनामच्या युद्धाच्या त्या दिवसांत ती श्रोत्यांना बाँबगोळ्यांसारखी ऐकूं आली. एका तंत्रज्ञाचा दोष असा एका पिढीचा आक्रोश झाला.

या गिटारींची मोहिनी मला येथें दिसते. फेंडर काय किंवा लव्हर काय, त्यांनीं एक प्रामाणिक हत्यार घडविलें. दुरुस्त करतां येईल, हातांत बसेल, ऐकूं जाईल असें. त्यांतून काय बोलावयाचें, हें त्यांनीं ठरविलें नाहीं. तें पुढल्यांनीं ठरविलें, आणि बहुतेक वेळां निर्मात्याची सूचना मोडूनच ठरविलें. टेलिकास्टरचा आणि स्ट्रॅटोकॅस्टरचा घाट सत्तर वर्षें उलटून गेल्यावरहि जवळजवळ तसाच बनविला जातो.

शेवटीं एक खंत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १९६५ सालीं फेंडर यांचा कारखाना एका मोठ्या प्रक्षेपण-कंपनीनें एक कोटि तीस लक्ष डॉलरांस घेतला, आणि त्यापूर्वींच्या वाद्यांना हळूहळू पुराणवस्तूंचें मोल आलें. २०१९ सालीं डेव्हिड गिल्मर यांची काळी स्ट्रॅटोकॅस्टर न्यूयॉर्कच्या लिलांवांत ३९ लक्ष ७५ हजार डॉलरांस गेली; तो पैसा त्यांनीं सत्कार्यास दिला, ही गोष्ट स्तुत्यच. परंतु किंमती अशा चढल्या कीं वस्तूला हात लावण्याचा धीर होत नाहीं, आणि कित्येक जुन्या गिटारी आज तिजोऱ्यांत मुक्या पडून आहेत. जिचा सारा इतिहास 'मला ऐका' या एकाच हट्टाचा आहे, तिनें अखेर अबोल व्हावें, याहून मोठा दैवदुर्विलास कोणता? सुदैवानें चार स्क्रूंची ती साधी फळी अजून स्वस्तांत मिळते. एखाद्या चाळींतला मुलगा ती विकत घेऊन रात्रीं वाजवूं लागला आणि आपल्याला त्याचा त्रास झाला, तर रागावण्यापूर्वीं क्षणभर त्या पंगतींतल्या माणसाची आठवण करावी. त्याची हांक ऐकूं जाण्यासाठीं पुष्कळांनीं आपलें आयुष्य वेंचलें आहे.