काका बाप्टिस्टा आणि अधिकाराविना अध्यक्षपद

सन 1925 मध्ये मुंबई म्युनिसिपल कॉर्पोरेशनच्या अध्यक्षपदी बॅरिस्टर जोसेफ बाप्टिस्टा ह्यांची निवड झाली. माझगावच्या माथारपाखाडीत 17 मार्च 1864 रोजी जन्मलेला, मूळच्या उत्तनच्या घराण्यातला आणि ईस्ट इंडियन कॅथलिक संस्कारांत वाढलेला हा मजूरपुढारी मुंबईचा प्रथम नागरिक झाला, ही गोष्ट आपल्या समाजात आजही अभिमानाने सांगितली जाते. तो अभिमान रास्तच आहे. परंतु नुसत्या अभिमानाने इतिहास समजत नाही. ज्या पदाला कारभाराचे अधिकार जवळजवळ नव्हते, ते पद मजुरांच्या कैवाऱ्याने का स्वीकारावे? त्यातून गरिबाच्या पदरात काय पडले? आणि डाव्या विचारांचा उमेदवार अशा मानाच्या पदासाठी उभा राहिला, तर श्रद्धावंत कुटुंबाने त्याच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे? ह्या तीन प्रश्नांचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

प्रथम त्या पदाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. मुंबईच्या नगरशासनाचा पाया 1888 च्या कायद्याने घातला गेला आणि त्याच्या घडणीत फिरोजशहा मेहता ह्यांचा मोठा वाटा होता. ह्या कायद्याने कारभार चालविण्याची सत्ता सरकारने नेमलेल्या आयुक्ताच्या हाती दिली. लोकप्रतिनिधींच्या सभेकडे अर्थसंकल्प मंजूर करणे, ठराव करणे आणि जाब विचारणे ही कामे राहिली. सभेचा अध्यक्ष दरवर्षी निवडला जाई. तो सभा चालवी, समसमान मते पडल्यास निर्णायक मत देई आणि शहराच्या वतीने पाहुण्यांचे स्वागत करी. गटार बांधण्याचा हुकूम देणे त्याच्या हाती नव्हते. झाडूवाल्याचा पगार वाढविणेही नव्हते. 1931 पासून ह्या अध्यक्षाला 'मेयर' म्हणू लागले. पुढे त्यासाठी 'महापौर' हा भारदस्त शब्द रूढ झाला, परंतु नाव बदलल्याने अधिकार वाढले नाहीत.

आता त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाकडे वळू. बाप्टिस्टा पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले, काही काळ वनखात्यात नोकरी केली, नंतर केंब्रिजला राज्यशास्त्राचे अध्ययन केले आणि बॅरिस्टर होऊन परतले. लोकमान्य टिळकांशी त्यांचा स्नेह जडला. एप्रिल 1916 मध्ये बेळगावला होमरूल लीगची स्थापना झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष बाप्टिस्टा झाले आणि चिटणीस न. चिं. केळकर. लीगच्या नावातच आयर्लंडच्या चळवळीचे स्मरण होते. पुढे इंग्लंडला जाऊन त्यांनी तेथील मजूर पक्षाची सहानुभूती हिंदी स्वराज्याकडे वळविण्याची खटपट केली. ईस्ट इंडियन हे नाव आपल्या पूर्वजांनी 1887 मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, सरकारनिष्ठेच्या भावनेने धारण केले होते. त्याच समाजातला एक सुपुत्र तीस वर्षांच्या आत टिळकांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला, हे विसरून चालणार नाही.

मजुरांचे काम त्यांनी ह्याच काळात हाती घेतले. 31 ऑक्टोबर 1920 रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. लाला लजपतराय अध्यक्ष होते आणि संस्थापकांच्या पहिल्या फळीत बाप्टिस्टा होते. पुढील वर्षी कोळशाच्या खाणींच्या मुलखात, झरिया येथे भरलेल्या दुसऱ्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. ते साम्यवादी नव्हते. कायद्याच्या मार्गाने, संघटनेच्या बळावर कामगाराला न्याय मिळवून द्यावा, अशी त्यांची धारणा होती. तरीही त्या काळच्या गिरणीमालकाच्या आणि साहेबाच्या नजरेला ते 'डावे'च होते. लोक त्यांना 'काका' म्हणत. बॅरिस्टराला काका म्हणणारे लोक त्याच्या कोटाकडे पाहून तसे म्हणत नसतात.

अशा माणसाच्या निवडीने काय साधले? ह्या प्रश्नावर दोन पक्ष संभवतात आणि दोन्ही ऐकण्यासारखे आहेत.

पहिला पक्ष म्हणेल की काहीच साधले नाही. बाप्टिस्टा अध्यक्ष झाले म्हणून परळ-लालबागच्या चाळीतील दहा बाय दहाची खोली मोठी झाली नाही. नगरपालिकेच्या मताचा हक्क तेव्हा भाडे आणि कर ह्यांवर अवलंबून होता; प्रौढ मताधिकाराने निवडणूक व्हायला 1948 साल उजाडावे लागले. ज्याच्यासाठी काका झगडले, त्यातल्या असंख्य मजुरांना त्या सभेसाठी मतही नव्हते. उलट असे पद देऊन प्रस्थापित लोक चळवळीच्या माणसाला शांत करतात. त्याला हार घालतात, झगा चढवितात आणि स्वागतसमारंभात गुंतवून ठेवतात. एका अर्थाने हा सोन्याचा पिंजरा आहे.

दुसरा पक्ष म्हणेल की सत्ता आणि प्रतिष्ठा ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि प्रतिष्ठेचेही वाटप व्हावे लागते. ज्या खुर्चीवर सर, शेठ आणि मोठमोठे वकील बसत आले, तिच्यावर मजूर संघटनेचा पुढारी बसला, म्हणजे शहराने मान्य केले की मजूर हाही ह्या शहराचा धनी आहे. सभेत कोणाला बोलू द्यावयाचे, कोणता प्रश्न ऐकून घ्यावयाचा, हे अध्यक्षाच्या वृत्तीवर पुष्कळ अवलंबून असते. हुकूम देता येत नसला, तरी विषयाला वाट करून देता येते.

आमचे मत दुसऱ्या पक्षाकडे झुकते, पण पहिल्याचा इशारा सोडून देऊन नव्हे. शोभेच्या पदावरील माणूस पदाआधी ज्यांच्यासोबत होता, त्यांच्यासोबत पदानंतरही राहिला, तरच त्या पदाचे सार्थक होते. बाप्टिस्टांच्या बाबतीत पदाने माणसाला मोठे केले नाही. माणसाने आणलेली पुण्याई पदाला लाभली. अध्यक्षपद वर्षभराचे होते. मजुरांचे काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झाले होते.

मुंबईत हा प्रयोग पुन्हा झाला. 1942 मध्ये काँग्रेस समाजवादी पक्षाचे एक संस्थापक युसुफ मेहेरअली महापौर झाले. त्यांची उमेदवारी पुढे आली, तेव्हा ते लाहोरच्या तुरुंगात होते. त्यानंतर 1958 मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीच्या पाठबळाने शां. सा. मिरजकर महापौर झाले. मिरजकर उघड साम्यवादी, मीरत कटाच्या खटल्यातले एक आरोपी, आणि बाप्टिस्टांप्रमाणेच ट्रेड युनियन काँग्रेसचे अध्यक्ष. आपल्या उपनगरांतील वाचकांना ह्या निवडीचे विशेष महत्त्व वाटावे. बाप्टिस्टांच्या काळी अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही सारी गावे शहराच्या हद्दीबाहेर होती. 1950 मध्ये जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत, तर 1957 मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत महानगरपालिकेची हद्द वाढली. म्हणजे बोरिवली-मुलुंडकरांना ह्या शहरात येऊन वर्ष-दीड वर्ष होते न होते, तोच त्यांचा प्रथम नागरिक एक साम्यवादी झाला.

काळ कसा होता, ते लक्षात घ्या. 1937 मध्ये पोप अकरावे पायस ह्यांनी निरीश्वरवादी साम्यवादाचा कडक शब्दांत निषेध केला होता. 1949 मध्ये रोमने साम्यवादी तत्त्वज्ञानाचा स्वीकार व प्रचार करणाऱ्या कॅथलिकांस ख्रिस्तसभेबाहेर ठरविले होते. केरळात 1957 मध्ये आलेल्या साम्यवादी मंत्रिमंडळाचा शिक्षणविषयक कायदा आणि तेथील ख्रिस्तसभा ह्यांचा संघर्ष पेटला होता. 1959 मध्ये ते मंत्रिमंडळ बरखास्त झाले. अशा वातावरणात श्रद्धावंताच्या मनात धास्ती असणे स्वाभाविक होते. देव नाही असे मानणाऱ्याच्या हाती शहराचा मान द्यावा काय, हा प्रश्न पोरकट नव्हता.

त्याचे उत्तर ख्रिस्तसभेच्या शिकवणीतच शोधले पाहिजे. 1891 मध्ये पोप तेरावे लिओ ह्यांनी 'रेरुम नोव्हारुम' ह्या परिपत्रकात समाजवादी मत नाकारले, परंतु त्याच लेखात कामगाराचे न्याय्य वेतन आणि संघटना करण्याचा त्याचा हक्क ठामपणे मांडला. 1963 मध्ये पोप तेविसावे जॉन ह्यांनी 'पाचेम इन तेर्रिस' मध्ये आणखी एक पाऊल टाकले. चूक आणि चुकणारा माणूस ह्यांत भेद करावा, तसेच एखादे तत्त्वज्ञान आणि त्यातून निघालेली लोकचळवळ ह्यांतही भेद करावा, असा विवेक त्यांनी शिकविला. आणि 2025 मध्ये निवडून आलेल्या नव्या पोपमहोदयांनी चौदावे लिओ हे नाव घेतले, ते तेराव्या लिओंच्या त्याच सामाजिक शिकवणीचे स्मरण ठेवून. तेव्हा 'डावा' हा शब्द ऐकताच दार लावून घेणे ही काही कॅथलिक परंपरा नव्हे. त्याचे तत्त्वज्ञान पारखून घ्यावे, जेथे ते श्रद्धेला बाध आणते तेथे स्पष्ट नकार द्यावा, आणि जेथे तो उपाशी माणसाच्या बाजूने बोलतो तेथे त्याचे ऐकावे.

ज्या आयर्लंडने होमरूल हा शब्द दिला, त्या देशातही हाच वाद अलीकडे झडला. ऑक्टोबर 2025 मध्ये तेथे कॅथरिन कॉनोली ह्या डाव्या विचारांच्या अपक्ष उमेदवार सुमारे 63 टक्के मते मिळवून राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्या पूर्वी गॉलवे शहराच्या महापौर होत्या. आयर्लंडचे अध्यक्षपदही बहुतांशी मानाचेच आहे. विधेयक घटनेशी सुसंगत आहे की नाही, हे तपासण्यासाठी ते सर्वोच्च न्यायालयाकडे पाठविणे, असे मोजकेच अधिकार त्यास आहेत. बाप्टिस्टांच्या वेळचेच प्रश्न तेथे पुन्हा उभे राहतात: शोभेच्या पदावरच्या व्यक्तीने किती बोलावे, कोणाच्या बाजूने बोलावे आणि कोठे थांबावे?

अशा पदाची किंमत ते रिकामे राहिल्यावर अधिक कळते. मार्च 2022 मध्ये मुंबई महानगरपालिकेची मुदत संपली आणि त्यापुढे तीन वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. पाणी येत होते, कचरा उचलला जात होता. परंतु जेथे नागरिकांच्या वतीने उघडपणे जाब विचारावा, ती सभाच नव्हती आणि तिचा अध्यक्षही नव्हता. महापौराला अधिकार नाहीत म्हणून ज्यांनी नाक मुरडले, त्यांनी त्या काळाचा विचार करावा.

पवित्र शास्त्रात पिलाताची कथा आहे. सोडण्याचा आणि मारण्याचा, दोन्ही अधिकार त्याच्यापाशी होते. त्याने पाणी मागविले आणि हात धुतले. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानापाशी कोणताही हुद्दा नव्हता. तरी राजवाड्याला त्याच्या वाणीचे भय वाटले. अधिकार आणि साक्ष ह्यांतला फरक ह्याहून स्पष्ट कोण सांगणार?

काका बाप्टिस्टा 18 सप्टेंबर 1930 रोजी निवर्तले. माझगावच्या टेकडीवरील उद्यानाला त्यांचे नाव आहे. 'आपला माणूस अध्यक्ष झाला होता' एवढेच जर आपण मुलांना सांगणार असू, तर ते नाव पाटीवरच राहील. तो आपला होता म्हणून नव्हे, तर जे आपले मानले जात नव्हते त्यांना त्याने आपले मानले म्हणून तो मोठा झाला, हे त्यांना सांगितले पाहिजे. आपल्या धर्मग्रामातील एखादा तरुण किंवा तरुणी उद्या लोकसेवेसाठी पुढे आली, तर 'कोणत्या रंगाच्या झेंड्याखाली?' हा प्रश्न आपण अवश्य विचारावा. पण त्याच्या आधी 'आजवर कोणाच्या दारी गेलीस?' हा प्रश्न विचारण्याची सवय आपल्या घरांना लागावी, एवढीच आमची विनंती आहे.